आखूड दुनळी

प्रेदूची गाडी आमच्या फाटकापाशी थांबली की माझी कुत्री मला सोडून त्याच्याकडे धावायची, आणि माझं पित्त खवळायचं. कुत्री माझ्या अंगणात वाढलेली. काटे मी काढायचो, गोचिड्या मी वेचायचो. पण प्रेदू गावोगावचं चीज गोळा करून शहरात पोचवणारा माणूस. त्याच्या गाडीत चीज गाळून उरलेल्या पाण्याचा डबा असायचा. एकेका कुत्र्याला एकेक पळी ओतायचा आणि नावानं हाक मारायचा. एका पळीत माझी चार वर्षांची मेहनत वाहून जायची.

त्या वर्षी मेंढ्या व्यायला लागल्या आणि रानडुकरं खाली उतरली. पहिल्या पंधरवड्यात माझी चार कोकरं गेली. दोन तर जन्मल्या जागीच. मेंढी लोकरीला रक्त लागलेली, ओरडत उभी. गावातल्या सगळ्यांचीच ही रड होती. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी शिकार सुरू होणार होती आणि आमची बावीस जणांची मंडळी त्या दिवसाकडे डोळे लावून बसली होती.

मंडळीतले वीस जण वर डोंगराच्या धारेवर आपापल्या जागी बंदुका रोखून उभे राहतात. कुत्री घेऊन खाली झाडीत शिरतात ते दोघंच, आणि त्यातल्या एकाच्या गळ्यात बैलाचं शिंग असतं. शिंग ज्याचं, कुत्री त्याची, आणि खरं सांगायचं तर शिकारही त्याचीच. अठ्ठावीस वर्षं ते शिंग लुस्सोरिउ काकांच्या गळ्यात होतं. आता त्यांचा गुडघा गेला होता. अकरा वर्षं त्यांच्या मागून काटे खात कोण शिरलं? मी. पण कुत्री कुणाकडे धावतात ते काकांनाही दिसत होतं.

"पहिल्या रविवारी सांगेन," काका म्हणाले होते. "तोवर दोघांनीही गप मेंढ्या पिळा. आणि बुस्तियानू, ती बापाची लांब बंदूक घेऊन परत झाडीत शिरलास, तर शिंग काय, तुला काठीसुद्धा देणार नाही."

ते बरोबरच बोलले, म्हणून जास्त लागलं. गेल्या हिवाळ्यात डुक्कर माझ्यापासून चार पावलांवर वळलं आणि माझ्या नळीचं टोक फांद्यांत अडकलं. माझे हात आधीच आखूड. बापाच्या बंदुकीचा दस्ता काखेत रुतायचा. मी ती ओढून सोडवेपर्यंत मोरोचं पोट फाटलं होतं. माझ्या कुत्र्यांतला सर्वांत शहाणा तो. त्याला खांद्यावर टाकून मी धारेवर आणला तेव्हा गाविनू खाटीक म्हणाला, "बंदूक लांब, हात आखूड, मरण कुत्र्याचं." सगळे हसले. एकटा प्रेदू हसला नाही, आणि मला राग आला तो त्याचाच.

प्रेदूचं आणि माझं हे काही शिंगापासून सुरू झालं नव्हतं. बारा वर्षांपूर्वी बोनारियाच्या घरी माझ्या आईच्या आधी त्याच्या आईनं लग्नाचा निरोप धाडला होता. बोनारियाच्या बापानं आमचं कुरण बघून मला होकार दिला. गावात सगळ्यांना ठाऊक होतं, आणि प्रेदूनं त्यानंतर लग्नच केलं नाही, हेही सगळ्यांना ठाऊक होतं. बोनारिया हे सगळं विसरून गेली होती असं ती म्हणायची. मी विसरलो नव्हतो.

एका गुरुवारी मी मेंढ्या उतारावरून खाली आणत होतो. वरून आमचं अंगण दिसतं. प्रेदू भिंतीपलीकडे उभा होता आणि बोनारियानं एप्रनच्या खिशातून काहीतरी काढून त्याला दिलं. मुठीत मावेल एवढंच. त्यानं ते सदऱ्याच्या खिशात ठेवलं आणि खिशाचं बटण लावलं. चीजच्या पावत्या तो त्याच खिशात कोंबायचा, पण बटण लावताना मी त्याला कधी पाहिलं नव्हतं.

"प्रेदू काय म्हणत होता?" मी जेवताना विचारलं.

"चीज खारट झालंय म्हणत होता."

"एवढंच?"

"आणखी काय म्हणणार तो?" तिनं पातळ भाकरीचा पापुद्रा मोडून माझ्या पुढ्यात टाकला. "खा. गार होतंय."

मी खाल्लं. घास तोंडात फिरत राहिला. आदल्या रात्री झोपेत मला दोनदा वाटलं होतं की कुणी माझा हात धरतंय, ते आठवलं. अर्धवट जागा झालो होतो तेव्हा बोनारिया बाजूलाच होती, डोळे मिटून. आता ही झोपेतही मला चाचपून बघते की काय, असलं काहीतरी माझ्या डोक्यात आलं. माझं डोकंच तेव्हा तसं झालं होतं.

बंदूक शोधायला मी त्याच आठवड्यात बाहेर पडलो. झाडीत शिरणाऱ्याला बंदूक आखूडच लागते, आणि घोडे बाहेर असलेलीच लागते. ज्यांचे घोडे पोटात लपलेले असतात त्या नव्या बंदुका धारेवर उभं राहणाऱ्यांना शोभतात. चार पायांवर रांगताना बंदूक जागी आहे की झोपलेली, हे अंगठ्याला न बघता कळलं पाहिजे. घोडे पडलेले असतील तर काट्यांतून खुशाल ओढत न्यावी. डुक्कर समोर आलं की अंगठ्यानं दोन्ही ओढायचे, बस.

पहिली पाहिली ती शेजारच्या गावात एका विधवेकडे. नळ्या सुट्या केल्या, बोटावर टांगल्या आणि दुसऱ्या हाताच्या पेरानं टिचकी मारली. फुटक्या मडक्यावर मारल्यासारखा आवाज. म्हणजे दोन नळ्या जोडणारा डाख सुटलेला. शिवाय तोंडाशी करवतीचे ओरखडे होते. लांब बंदूक कुणीतरी घरी बसून कापली होती.

"नवऱ्यानं कापली होती का?" मी विचारलं.

"नवऱ्याला सुरी धरता येत नव्हती," बाई म्हणाली. "भावानं कापली. भाऊ आता डोंगरात असतो." डोंगरात असतो म्हणजे पोलिसांपासून लपून असतो. मी बंदूक खाली ठेवली, तिनं दिलेली दारू प्यायलो आणि निघालो.

दुसरी जत्रेत मिळाली. दिसायला देखणी, दस्त्यावर हरीण कोरलेलं. डावा घोडा अर्ध्या खाचेवर, जिथून तो पडता कामा नये, ठेवून मी अंगठ्यानं थोडा दाबला, तर खटकन पडला. विकणारा म्हणाला, "तेल घातलं की बसेल." म्हटलं, "त्याआधी गोळी माझ्या पायात बसेल."

पुढच्या आठवड्यात शुक्रवारी पहाटेचं दूध काढून, मेंढ्या भाच्याच्या हवाली करून मी बापाची बंदूक चादरीत गुंडाळली आणि बसनं शहरात गेलो. चर्चच्या मागच्या गल्लीत रायमोंदू मिस्त्रीचं दुकान. वयस्क माणूस, चष्मा कपाळावर, बोटांना तेल. भिंतीवरच्या रांगेत मला ती लगेच दिसली. तीन वितींना चार बोटं कमी, करवतीनं कापलेली नाही, जन्मापासून आखूड. घोडे कान मागे पाडलेल्या कुत्र्यासारखे.

"ती?" मी म्हणालो.

"ती गेली. कोपऱ्यातली बघ."

"बघायला काय जातंय?"

"बघ बाबा. बघण्याचे पैसे मी घेत नाही."

मी हातात घेतली आणि माझा जीव तिच्यावर जडला. खोटं कशाला सांगू. पुढचं लाकूड काढून कानाशी हलवली. नळ्या धरणारे दात खिळखिळे नव्हते. घोडे एकेक करून ओढले. प्रत्येकाचे दोन आवाज, स्वच्छ, मध्ये श्वास घ्यायला जागा असलेले. अर्ध्या खाचेवर ठेवून अंगठ्याचा पूर्ण भार टाकला, हलले नाहीत. मग नळ्या बोटावर टांगून टिचकी मारली. आमच्याकडे मेंढ्यांच्या घंटा आम्ही कानानं निवडतो, पुढच्या डोंगरावरून आपलं खिल्लार ओळखतो. त्या नळ्या तशा वाजल्या आणि वाजत राहिल्या. मिस्त्रीनंही हातातलं काम थांबवून ऐकलं.

शेवटी मी डोळे मिटले, बंदूक खांद्याला लावली आणि डोळे उघडले. टोकाचा पितळी मणी बरोबर माझ्या डोळ्यासमोर. मान वाकवायला नको, कोपर ताणायला नको. चाळीस वर्षांत पहिल्यांदा एखादी बंदूक माझ्या अंगाला बसली होती.

"दस्ता आखूड आहे," मी म्हणालो.

"परवाच कापला. गिऱ्हाइकाच्या मापानं. तुमच्याच गावचा तो, चीजवाला. उंच."

माझे कान गरम झाले. मग मला हसूही आलं. प्रेदूचे हात गुडघ्यापर्यंत पोचणारे! हा दस्ता त्याच्या पोटात खुपला असता. बंदूक कशी निवडायची तेसुद्धा त्या चीजवाल्याला कळत नाही, आणि हा निघालाय शिंग घ्यायला. मी मनातल्या मनात असा हसत असतानाच मला तो दोरा दिसला.

चापाच्या कडीला लाल लोकरीचा दोरा बांधलेला होता. त्यात एक काळा पेड. बोनारिया मुळं उकळून लाल रंग करते आणि पीळ घालताना आमच्या काळ्या मेंढीचा एक पेड त्यात घालते, नदीवर धुताना आपली लोकर ओळखू यावी म्हणून. साऱ्या मुलखात दुसरी कुणी तसं करत नाही. मुठीत मावणारी वस्तू. बटण लावलेला खिसा. माझ्या बायकोनं त्याला बंदुकीवर बांधायला खूण दिली होती.

"शनिवारी परवाना घेऊन येतो म्हणालाय," मिस्त्री सांगत होता. "अर्धे पैसे देऊन ठेवलेत."

"तो येणार नाही," मी म्हणालो. "त्याचा परवाना गेला. ठाण्यातल्या साहेबानं काढून घेतला."

मिस्त्रीनं चष्मा कपाळावरून खाली आणला. "काय केलं त्यानं?"

"मला काय माहीत."

यापेक्षा वाईट उत्तर मला शोधूनही सापडलं नसतं. आमच्याकडे कुणी 'मला काय माहीत' म्हटलं की ऐकणारा उरलेलं स्वतःच भरतो. मेंढ्या चोरल्या असतील, फरार्‍याला भाकरी पोचवली असेल, खंडणीसाठी कुणाच्या पोराला डोंगरात नेलं असेल. मिस्त्रीनं अर्धा मिनिट माझ्याकडे पाहिलं. मग बापाची बंदूक आणि वर काही नोटा घेतल्या, माझा परवाना वहीत उतरवला आणि आखूड दुनळी मला दिली. बापाची बंदूक गेली याचं वाईट घरी परतेपर्यंत मला वाटलंच नाही.

मी ती मेंढवाड्याच्या झोपडीत लपवली. शनिवारी दिवसभर मेंढ्या पिळताना एकच चित्र डोळ्यांपुढे होतं: प्रेदू दुकानात शिरतोय आणि भिंतीवरची खुंटी रिकामी. एक मेंढी अडली होती, तिच्यात हात घालून कोकरू ओढताना मी गुणगुणत होतो. कोकरू जगलं. सूर्य डोंगराला टेकला तेव्हा मी बंदूक काखेत मारून घरी आलो आणि बोनारियाच्या पुढ्यात टेबलावर ठेवली, दोरा वर करून.

"ओळखतेस?"

तिचा चेहरा आधी उजळला. हे मी मरेपर्यंत विसरणार नाही. नंतर तो गोंधळला.

"ही तुझ्याकडे कशी? प्रेदू तर आज आणून..."

"प्रेदूच्या खिशात काय घातलंस त्या गुरुवारी?"

ती माझ्याकडे बघत राहिली. मग बंदुकीकडे, मग दोऱ्याकडे. माझ्या पोटात काय शिजतंय ते तिला हळूहळू कळलं, आणि कळल्यावर ती ओरडली नाही, रडली नाही. तिनं दोरा सोडला.

"हात दे."

"कसला हात?"

"उजवा. बाही वर कर."

दोऱ्याला दोन गाठी होत्या. एक तिनं माझ्या कोपराच्या आतल्या वळीत धरली आणि दोरा हातावरून ताणला. दुसरी गाठ तर्जनीच्या पहिल्या पेरावर येऊन बसली. बरोबर चाप ओढतात तिथं.

"झोपेत घेतलं माप," ती म्हणाली. "हात हलवत होतास, तीनदा घ्यावं लागलं. मोरो मेल्यापासून तू ज्या तोंडानं वावरतोस ते मला बघवेना. दोन घोंगड्या विणल्या, त्यानं शहरात विकून दिल्या. तुझा परवाना त्याच्याकडे द्यायला आज सकाळी पेटी उघडली, तर परवाना नाही. त्याला म्हटलं, आज तुझ्याच परवान्यावर आण, ह्याचा नंतर दाखवू. उद्या सगळ्यांसमोर तुझ्या हातात द्यायची होती."

यावर माणसाला भरून यायला हवं. माझ्या मनात पहिलं आलं ते हे: म्हणजे माझे हात किती आखूड आहेत ते प्रेदूच्या खिशात होतं. माझी बायको आणि तो, दोघांनी मिळून माझी कीव केली. मी तोंड उघडणार तोच बाहेर गाडी वाजली आणि कुत्री धावली.

प्रेदू दारात आला. नेहमी यायचा त्यापेक्षा चार तास उशिरानं. त्याच्या बुटांना नाड्या नव्हत्या, पँट तो एका हातानं धरून होता. पट्टाही नव्हता. त्यानं बोनारियासमोर नोटा ठेवल्या.

"तुझे पैसे. बंदूक कुणीतरी..." आणि मग त्याला टेबलावरची बंदूक दिसली.

त्यानं माझ्याकडे पाहिलं. त्याला सगळं कळलं हे मला कळलं, आणि आता बोलेल, आता सांगेल म्हणून मी भिंतीला पाठ लावली.

"बसली का मापाला?" त्यानं विचारलं.

"बसली," मी म्हणालो.

"एवढा उशीर का रे?" बोनारियानं विचारलं.

"गाडी बंद पडली." तो पँट धरूनच निघून गेला. कुत्री गाडीमागून वळणापर्यंत पळाली.

"बुटांना नाड्या नव्हत्या त्याच्या," बोनारिया म्हणाली. "ठाण्यात कोंडलं की काढून घेतात तशा. काय झालं रे?"

"मला काय माहीत," मी म्हणालो.

रविवारी सकाळी चर्चसमोरच्या चौकात मंडळी जमली. बायका पिशव्यांत भाकरी, चीज, चरबीचे तुकडे भरत होत्या. माझ्या खांद्यावर नवी बंदूक होती आणि गाविनू खाटीकसुद्धा हात लावून बघत होता. प्रेदू रिकाम्या हातानं आला.

"बंदूक कुठाय रे?" काकांनी विचारलं.

"ठाण्यात. मिस्त्रीनं काल साहेबाला बोलावलं, गाडीतली बंदूकही त्यांनी ठेवून घेतली. परवाना तपासतायत. सोमवारी देतील."

"काय केलंस?" गाविनू म्हणाला, आणि अर्धं पाऊल मागं सरकला. त्याच्या शेजारचाही सरकला. कुणी मुद्दाम केलं नाही, पण प्रेदूच्या भोवती गाडीभर जागा मोकळी झाली. काकांनी सुस्कारा सोडला आणि गळ्यातलं शिंग काढलं.

"बंदूक नाही त्याला शिंग नाही. मला वेगळं वाटत होतं, पण आता विचार करण्यासारखं काही उरलं नाही. ये बुस्तियानू."

मी पुढे गेलो. शिंग माझ्यापासून हातभर अंतरावर होतं. तेवढ्यात माझी नजर प्रेदूच्या बुटांवर गेली. त्यांत नाड्या होत्या. लाल लोकरीच्या, एक काळा पेड घातलेल्या. आधी तेच जुनं मनात आलं: हिनं दिल्या, पहाटे, मी मेंढ्यांकडे असताना. आणि मग कळलं की नाड्या द्यायला गेली तेव्हा काय झालं ते तिनं विचारलंही असेल. मी मान वळवली. बोनारिया भाकरी भरायची थांबली होती आणि माझ्याकडे बघत होती.

"त्याचा परवाना गेलेला नाही," मी म्हणालो. "शहरात तसं मी सांगितलं. खोटं."

"कशाला?" काका म्हणाले.

"बंदुकीसाठी."

एवढंच बोललो. बाकीचं त्या चौकात ज्याला त्याला समजलं असणार.

खोटं बोलणाऱ्याला आमच्या मंडळीत जागा मिळत नाही. तो खेचर सांभाळतो. काकांनी शिंग प्रेदूच्या गळ्यात घातलं आणि हातात काठी दिली. मी झऱ्यापाशी दगडावर बसलो, मांडीवर आखूड दुनळी, नळ्या रिकाम्या. खालून शिंग वाजलं. मग कुत्री बोलायला लागली, आणि मी एकेकाचा आवाज ओळखत बसलो. मन हलकं झालं असं सांगितलं असतं, पण झालं नव्हतं. ती त्याच्यासाठी भुंकत होती आणि मला ते सहन होत नव्हतं. दोन तासांनी धारेवर सहा बार झाले.

चार डुकरं पडली. नेचाच्या पानांवर बावीस वाटे लावले. रीत अशी की शिंगवाला पाठ करून उभा राहतो, काका एकेका वाट्याला काठी लावतात आणि विचारतात, हा कुणाचा? प्रेदू पाठमोरा नावं घेत गेला. "गाविनूचा." "काकांचा." नवव्या वाट्याला म्हणाला, "बुस्तियानूचा." बाकीच्यांची नावं ज्या आवाजात घेतली त्याच आवाजात. माझं नाव घेताना तो थोडा अडखळला असता तर मला बरं वाटलं असतं.

घरी मांस टेबलावर ठेवलं. बंदूक खुंटीला अडकवली, जिथं बापाची असायची.

"वाजली?" बोनारियानं विचारलं.

"नाही."

तिनं भांडं चुलीवर चढवलं. "उद्या तो येईल चीज न्यायला. त्याच्याशी बोल."

"आणि नाड्या मागून घेऊ?" मी म्हणालो. तोंडातून गेलं ते गेलं.

तिच्या हातातलं झाकण तसंच राहिलं. "बघ," ती म्हणाली. "अजून तेच."

सोमवारी दूध काढून झाल्यावर मी अंगणात आलो. गाडीची वेळ झाली होती. कुत्री फाटकापाशी रस्त्याकडे तोंड करून बसली होती. मला बघून एकानं शेपूट हलवली, पण उठलं कुणी नाही. मी त्यांच्या शेजारी जाऊन उभा राहिलो आणि त्यांच्यासारखाच वळणाकडे बघत थांबलो.